पाच मिनिटे नव्हे, पाच सेकंद

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील सागरी घड्याळांवरचा लेख आस्थेने वाचायला घेतला आणि दुसऱ्याच रकान्यात थबकलो. समुद्रात जहाजाचे रेखांश कळावे म्हणून इंग्रज सुतार जॉन हॅरिसनने बनवलेले घड्याळ १७६१-६२ च्या जमैका सफरीत ८१ दिवसांत ‘पाच मिनिटे’ मागे पडले, असे तेथे छापले आहे. ते पाच सेकंद मागे पडले होते. तेही घड्याळाचा रोजचा, आधीच मोजलेला फरक हिशेबात धरून.

ही चूक किरकोळ नाही. खलाशी सूर्यावरून काढलेली जहाजावरची वेळ आणि घड्याळाने दाखवलेली मूळ ठिकाणची वेळ यांतल्या फरकावरून रेखांश काढतो, आणि पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. घड्याळ पाच मिनिटे चुकले, तर विषुववृत्ताजवळ जहाजाचा ठावठिकाणा सुमारे १४० किलोमीटरने चुकतो. रेखांश शोधण्यासाठी १७१४ च्या ब्रिटिश कायद्यात ठेवलेले २०,००० पौंडांचे बक्षीस अर्ध्या अंशाच्या, म्हणजे दोन मिनिटांच्या आतल्या अचूकतेसाठी होते. आपल्या आकड्याने हॅरिसन नापास ठरतो. आणि बक्षिसाच्या उरलेल्या पैशांसाठी ऐंशी वर्षांचा होईपर्यंत झगडलेल्या त्या सुतारावर हा आणखी एक अन्याय आहे.

माझ्या वडिलांचे नव्या पेठेत घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली खिळ्यांना टांगलेली घड्याळे हटकून मागे पडत, कारण उष्णतेने हेअरस्प्रिंगचा, म्हणजे घड्याळाची गती ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगचा, ताठपणा कमी होतो. वडील डोळ्याला भिंग लावून घड्याळ जलद-मंद करणारा रेग्युलेटरचा काटा केसभर सरकवीत आणि रोजचा फरक पाटीवर खडूने लिहीत. गिऱ्हाईक कितीही घाईचे असो, आठ दिवस फरक एकसारखा आल्याखेरीज घड्याळ त्याच्या हाती पडत नसे. हॅरिसनने पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी बसवून, तापमानानुसार स्प्रिंगची कामाची लांबी आपोआप बदलेल अशी सोय केली. खरा पराक्रम तो होता, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. शिवाय सोबत छायाचित्र लंबकाच्या भिंतीवरील घड्याळाचे आहे! डोलणाऱ्या जहाजावर लंबक चालत नाही, म्हणून तर हा सारा खटाटोप झाला.

आपल्या कार्यालयात दूरध्वनी केला, तेव्हा ‘सोलापुरात समुद्र कुठे आहे?’ असे उत्तर मिळाले. त्याचे मला फार वाईट वाटले. आपले शहर सुमारे ७६ पूर्व रेखांशावर आहे आणि प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची आहे. म्हणून आपल्याकडे सूर्य घड्याळातील बारानंतर सरासरी २६ मिनिटांनी माथ्यावर येतो. खलाशाचा हिशेब हाच असतो, फक्त तो उलट्या बाजूने मांडलेला असतो.

येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक जुना वाचक, सोलापूर