वाघबीळच्या उतारावर काय लावायचं?

कोल्हापूर

प्रिय बंड्या,
स. न. वि. वि.

पन्हाळ्याजवळच्या वाघबीळच्या उतारावर माती धरून ठेवायला काय लावू, असं विचारलंस, ते फोटो बघितले. जागा झकास आहे, पण उतार चांगलाच उभा आहे आणि तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारपासून मावळतीपर्यंत ऊन थेट अंगावर. नर्सरीवाला म्हणतोय वेडेलिया लाव. नको लेका! पिवळी फुलं, झटपट हिरवळ, सगळं कबूल. पण तो मूळचा अमेरिकेकडचा, एकदा पसरला की शेजारच्या गवताला जगू देत नाही. घाणेरी आणि रानमोडीनं आपले डोंगर आधीच गिळलेत, त्यात आणखी भर कशाला?

उभ्या उतारावर खरं काम करतं ते गवत, आणि त्यात वाळा पहिला. ठोंब आणून समपातळीच्या ओळीत वीतभराच्या आत लाव. मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या मातीत 3 मीटरपर्यंतसुद्धा. तुझ्या मुरमात तेवढी नाही जाणार, पण ओळ दाट झाली की वरून येणारं पाणी तिथं अडखळतं, गाळ मागं बसतो आणि हळूहळू आपोआप पायरी तयार होते. दोन ओळींच्या उंचीत माणूसभर फरक चालेल.

मधल्या जागेत पवना, मारवेल आणि कुसळी ही गवतं. कुसळीचं नाव काढल्यावर तोंड वाकडं करशील, पायमोज्यात घुसते म्हणून. पण तिचं बी एकदा हातात घेऊन बघ. टोकाला सुई आणि मागं लांब पिळदार शेपूट. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि तेवढ्यावर बी स्वतःच जमिनीत शिरतं. घसरत्या मुरमात पेरायला याहून सोयीचं बी मला तरी माहीत नाही. दिवाळीच्या सुमाराला त्याच डोंगरावरच्या एखाद्या कुरणातनं मालकाला विचारून गोळा कर.

जिथं माती अगदीच उघडी आहे, तिथं विष्णुक्रांत आणि घेटुळी. विष्णुक्रांताची निळी फुलं नखाएवढी, तीही दुपारपर्यंत मिटतात, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पण पानांवर बारीक लव असते आणि वेल जमिनीला चिकटून पसरतो, त्यामुळं ऊन सोसतो. घेटुळीची भाजी होते, हा वर नफा. बांधाच्या कडेला धायटी आणि करवंदाची झुडपं असू देत.

ही सगळी मंडळी बसायला एखाददुसरा पावसाळा जाईल. तोवर मटकी आणि हुलगा टाक. मटकी जमिनीलगत चटईसारखी पसरते आणि माती झाकून ठेवते. मिसळीपलीकडेही तिचा उपयोग आहे म्हणायचा!

घाणेरी एकदम उपटू नकोस. जमिनीलगत छाटून बुडखे राहू देत, नवीन मुळं धरली की मग काढ. पहिला वळीव झाल्यावर लगेच लावणी उरक, कारण जुलैची झड सुटी माती राखत नाही. ओळींमध्ये उसाचं पाचट अंथर; ते आपल्याकडं कमी पडायचं नाही. फार उभ्या जागी आधी दगडाच्या छोट्या ताली, म्हणजे आडवे बांध, घाल.

एक मात्र ध्यानात ठेव. गवत वरची माती धरतं, खोल सरकणारा डोंगर धरत नाही. 2021 च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता कसा खचला आठवतंय ना? वरच्या कडेला भेगा दिसल्या तर रोपांचा विचार नंतर. आधी चर खणून पाणी बाजूला काढ आणि जाणकार इंजिनिअरला दाखव.

आणि घराजवळचं गवत बी पडल्यावर कापून टाकायचं. उन्हाळ्यात वणवा कुठनं येईल सांगता येत नाही. घराभोवती हरळी ठेव, ती कापायला सोपी.

वाळ्याचे ठोंब माझ्या शेताच्या पाटाकडेला भरपूर आहेत, विकत घेऊ नकोस. मेअखेरीला ये, दोन पोती आणि एक टिकाव घेऊन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या