बारा-दहाचं इंजिन बांधलं

मुरगूड,
१७ ऑक्टोबर

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, "ती गाडी अजून मोडीत काढली नाहीस?" आणि रेंज गेली. गेली ते बरंच झालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं.

गणपतीच्या आधी फोंडा घाट चढताना आण्णांच्या बारा-दहानं, म्हणजे त्या जुन्या टाटा १२१० ट्रकनं, मान टाकली. मागं चिरे भरलेले. दुसऱ्या गिअरला चढणारी गाडी पहिल्यावर आली आणि निळा धूर असा, की मागचा एसटीवाला हॉर्न मारून मारून दमला. ऑइल तर चहा प्यावा तसं पीत होती, एका खेपेला दोन लिटर. डिपस्टिक काढली की भोकातून फसफस. इंजिन बॅक मारतंय, म्हणजे सिलेंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतोय, हे कळायला आयटीआयची गरज नव्हती.

हातात सगळे मिळून साठ हजार. चाळीस सोसायटीचे, वीस घरच्या भिशीचे. भिशीचे कसे मिळाले ते तू आलास की सांगेन, वहिनीसमोर नको. भंगारातलं अख्खं इंजिन पंचेचाळीसला मिळत होतं, पण त्यानं आधी काय भोगलंय ते कोण सांगणार? इथल्या एका गॅरेजवाल्यानं 'हाफ इंजिन' सुचवलं: पिस्टन-रिंगा बदलू, बेअरिंग टाकू, अठ्ठावीस हजारांत मोकळा हो. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांकडं गेलो. तू त्यांना ओळखतोस, आपण ट्रेनिंगला असताना पान्हा चुकीचा दिला की अंगावर कापूस-चिंधी फेकायचे तेच. म्हणाले, "इंजान मेलंय कशानं ते आधी बघ. न्हायतर नवं बी त्याच रोगानं मरंल."

म्हणून चेनपुली लावून इंजिन उतरवलं आणि खोलायचं काम मी आणि क्लीनरनं स्वतः केलं. चार दिवस गेले, पण मजुरीचे पाच हजार वाचले. प्रत्येक बोल्ट कुठला ते पत्र्यावर खडूनं लिहून ठेवला. सिलेंडरचं आतलं माप, म्हणजे बोअर, मोजायचा गेज मामांचा. सहाही बोअर वर, जिथं पहिली रिंग फिरते तिथं, खालच्यापेक्षा जास्त खाल्लेले. चार नंबरला ०.३५ मिमीचा फरक. वर बोट फिरवलं तर नखाला कड लागायची. मामांनी इंजिनकडं पाहिलंसुद्धा नाही, सरळ एअर क्लीनरची रबरी नळी हातात घेऊन दाबली. खालच्या बाजूनं बोटभर चिरलेली! आण्णांनी कधीतरी तिला ट्यूबची पट्टी बांधली होती, ती सैल झालेली. ऑइल बाथ क्लीनर वर आपलं काम करत होता आणि चिऱ्याच्या खाणीतली तांबडी धूळ खालच्या फटीतून थेट आत. ती धूळ म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्टच की रे. चार नंबरला आणखी एक दुखणं निघालं, नोजल गळत होतं. डिझेल बारीक उडण्याऐवजी थेंब थेंब भिंतीवर पडायचं आणि तिथलं ऑइल धुऊन न्यायचं. हाफ इंजिन केलं असतं तर सहा महिन्यांत पुन्हा घाटातच उभा राहिलो असतो.

यावर गेले तीन आठवडे माझं डोकं चाललं, की पैसा कुठं घालायचा नाही. कॅमशाफ्ट, टायमिंग गिअर, ऑइल पंप मोजून बघितले आणि तेच ठेवले. इनलेटचे व्हॉल्व्ह घासून परत टाकले, एक्झॉस्टचे नवे घेतले. स्टार्टरला फक्त कार्बन. हेड प्रेशर टेस्टला पाठवलं, क्रॅक नाही म्हटल्यावर देवाला नारळ फोडला. पण लायनर (सिलेंडरच्या आतली नळी) आणि पिस्टनचा किट, बेअरिंग, पॅकिंग सेट आणि सहाही नोजल यात पैचीही काटकसर केली नाही. किटलाच एकवीस हजार गेले. क्रँक दुसऱ्या साईजला ग्राइंड झाला, ०.५० मिमी. डिझेल पंपवाल्यानं टेस्ट बेंचवर पंपातल्या सहाही एलिमेंटचं (प्रत्येक सिलेंडरला एक) डिझेल एकसारखं करून दिलं.

लायनरचं काम मी तिथं उभं राहून करून घेतलं. ड्राय लायनर ब्लॉकला सगळीकडून चिकटून बसला नाही, तर उष्णता बाहेर जात नाही आणि पिस्टन चिकटतो, हे आपल्याला सरांनी शिकवलं होतं. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं, इथं डोळ्यांनी पाहिलं. प्रेस करून बसवला, मग ९७ मिमीला बोअर करून होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणं. या इंजिनाच्या ६९७ या नावाचा अर्थ तरी किती सरळ बघ, सहा सिलेंडर आणि ९७चा बोअर. स्ट्रोक १२८, सगळी मिळून ५६७५ सीसी. टाटांचा मर्सिडीजवाल्या जर्मनांशी १९५४ ते १९६९ करार होता, त्या घराण्यातलं हे इंजिन. मामा त्याला अजून 'बेंझ' म्हणतात. रिंग बोअरमध्ये घालून गॅप मोजली, सहाही ठिकाणी ०.४०च्या आसपास. बोल्ट मोजक्या ताकदीनं कसायचा तुझा टॉर्क रेंच असता तर बरं झालं असतं. भाड्यानं आणला, दिवसाचे दोनशे.

आता माझी फजिती ऐक, आणि तिकडं चाकणात कुणाला सांगू नकोस.

इंजिन गाडीत चढवलं, फीडर पंप मारून हवा काढली, क्लीनरनं अगरबत्ती लावली. स्टार्टर मारला. फिरतंय, फिरतंय, सायलेन्सरमधून पांढराशुभ्र धूर, नुसत्या डिझेलचा वास, पण पेटत नाही. पुन्हा हवा काढली. पुन्हा तेच. बॅटरी संपली, शेजारच्या ट्रॅक्टरची आणली, तीही थकली. रात्री नऊला मामांना फोन केला. मामांनी एवढंच विचारलं, "बेरीज किती?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश. सिलेंडर पेटायचा क्रम, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार! सर पट्टी आपटत म्हणून घ्यायचे आणि वर सांगायचे, जोडीची बेरीज सात. एक आणि सहा, पाच आणि दोन, तीन आणि चार यांचे पिस्टन एकदमच वर येतात. फ्लायव्हीलची खूण जुळली म्हणून मी पंप जोडला, पण तेव्हा कॉम्प्रेशनवर एक नंबर नव्हता, सहा होता. एक नंबरचे व्हॉल्व्ह हलत होते आणि मी तिकडं बघितलंच नव्हतं. डिझेल भलत्याच फेरीला उडत होतं. तू टॅपेट करताना, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावताना, नेहमी आधी व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर बघायचास आणि मी तुला हसायचो, आठवतंय?

सकाळी क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून पंप परत जोडला. टॅपेट पुन्हा तपासले, इनलेट ०.२०, एक्झॉस्ट ०.३०. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं. आधी खोकलं, मग तोच जुना जड आवाज. आण्णा पायरीवर बसले होते. काही बोलले नाहीत, उठून सायलेन्सरपाशी हात धरला आणि हाताला काळं-तेलकट काही लागलं नाही ते बघून आत गेले.

साठ हजारांच्या वर साडेतेहतीसशे गेले, ते मामांनी दिवाळीनंतर द्यायला सांगितलेत. नळी नवी बसवली, दोन्ही बाजूंना क्लिपा लावून. पहिली हजार किलोमीटर निम्मा लोड, पाचशेला ऑइल बदलणार. कारखान्याचा बॉयलर पेटेपर्यंत रनिंग उरकायला हवं. नंतर उसाच्या फडात निम्मा लोड कोण भरू देतोय?

दिवाळीला येशील तेव्हा टॉर्क रेंच घेऊन ये. हजार किलोमीटर झाले की हेड पुन्हा कसायचंय, आणि भाड्याचा रेंच कुठंतरी खोटं सांगतोय असा मला संशय आहे. काकूंना नमस्कार.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा शेजारी