बाबा, तुमचं काम संपलेलं नाही

प्रिय बाबा आणि आई,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "डोळ्यांनी दिसत नाही, देवळात शास्त्रपाठ वाचता येत नाही, आता माझा कुणाला काय उपयोग?" ते ऐकून मला भरून आलं आणि फोनवर धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. आई, त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, प्रेषित पौलाने आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला, दुसरं पत्र लिहिलं तेव्हाची पौलाची अवस्था आठवा. रोमच्या कैदेत आहे, देमास सोडून गेलाय, जवळ एकटा लूक. हिवाळ्याआधी ये म्हणतो. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं, असं सांगतो. मरण समोर दिसत असताना त्याला वाचायचं होतं आणि एका तरुण पोराला उभं करायचं होतं. त्याच पत्रात तो तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. त्यांचा विश्वास आधी, मग तीमथ्याचा.

आपल्याकडेही तसंच झालं. आईची आजी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंच्या आसऱ्याला आली आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये अक्षरं शिकली. त्याच रमाबाई पुढे साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून अख्खं पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणायला बसल्या आणि १९२२ साली प्रभूकडे जाईपर्यंत त्याच कामात होत्या. आई, चपात्या लाटताना तू एकशे एकविसावं स्तोत्र म्हणायचीस, ते तिच्याकडून आलेलं. तू मला ते मुद्दाम कधी शिकवलं नाहीस. ऐकून ऐकूनच पाठ झालं.

आणि बाबांचा नियम होता: कुटुंबप्रार्थनेत अध्याय क्रमाने वाचायचे, एकही गाळायचा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ आली तेव्हा आम्ही भावंडं कंटाळलो होतो. तुम्ही म्हणालात, "ह्या यादीत बाया किती, शोधा बरं." तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, मरीया. मग एकेकीची गोष्ट आपण मागे जाऊन वाचली. तामारेचा सासरा यहूदा तिच्याशी कसा वागला तेही तुम्ही झाकलं नाहीत. देव अशाच घरांतून आपलं काम पुढे नेतो, हे मला त्या वयात कळलं. पुढे मंडळीतल्या माणसांचं वागणं पाहून माझ्या बरोबरीचे कितीतरी जण देवळापासून तुटले. मलाही वाईट वाटलं, पण माझा पाय घसरला नाही, तो त्या वाचनामुळे.

आईच्या ऑपरेशनच्या वेळची गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. इथे पुण्यात एका प्रार्थनासभेत एकाने मला तोंडावर सांगितलं, "तुमच्या घरात विश्वास कमी आहे, म्हणून आजार हटत नाही." रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या निवृत्त पाळकबाईंकडे गेले. त्यांनी त्या माणसाला नावं ठेवली नाहीत. चहा ठेवला, शास्त्र उघडलं आणि दोन ठिकाणं मलाच वाचायला लावली. एक, पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडलं. दुसरं, तीमथ्याला वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. "मग पौलाचा विश्वास कमी होता का गं?" एवढंच विचारलं त्यांनी. मग आईसाठी आणि तिच्या डॉक्टरांसाठी नाव घेऊन प्रार्थना केली.

ही दोन्ही वचनं मी लहानपणापासून वाचली होती, बाबा. पण त्या दिवशी एकटीला ती सापडली नसती. प्रेषितांच्या काळातला उपदेशक अपुल्लोस शास्त्रात एवढा प्रवीण, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या नवराबायकोने त्याला जवळ घेऊन मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, चारचौघांत पाणउतारा न करता. मोबाइलवर उपदेश हवे तेवढे मिळतात आणि त्यांत चांगलेही आहेत. पण उपदेश करणाऱ्याला मी ठाऊक नसते. पाळकबाईंना माझ्या आवाजावरून कळतं की आठवडाभर शास्त्र उघडलेलं नाही.

म्हणून बाबा, तुमच्याकडे एक मागणं आहे. माझा धाकटा आता नववीत आहे आणि प्रश्न विचारायला लागलाय. ईयोब एवढा नीतिमान, तरी त्याच्यावर एवढी संकटं का आली, हे त्याने परवा मला विचारलं. मी दिलेल्या उत्तराने त्याचं समाधान झालं नाही आणि मला वाटतं ते तुमच्याकडूनच व्हावं. दर शनिवारी संध्याकाळी सातला तो व्हिडिओ कॉल करेल. वाचेल तो, तुमच्या डोळ्यांना त्रास नको. तुम्ही मधेच थांबवा, विचारा, त्याला शोधायला लावा, आम्हाला लावायचात तसंच. ईयोबापासूनच सुरू करा आणि मधले भाषणांचे अध्याय गाळू देऊ नका, तो गाळायला बघेल.

आई, तू पण शेजारी बस. प्रार्थना तू कर, त्याला तुझी प्रार्थना ऐकायची सवय लागू दे. ह्या शनिवारी फोन चार्ज करून ठेवा.

तुमची लेक