जामीनदारीचा परवाना नको, आहेत त्या तरतुदी वापरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील परवानाधारक ‘बेल बाँड एजंट’, म्हणजे शुल्क घेऊन आरोपींना जामीन राहणारे व्यावसायिक, मोबाइलवर पाहून, आपल्याकडेही असा परवाना सुरू करावा, म्हणजे बेकार तरुणांना काम मिळेल आणि गरीब आरोपींची सोय होईल, असे मत सोलापुरात अधूनमधून ऐकू येते. न्यायालयात लिपिक म्हणून नोकरी केल्यामुळे जामिनाची कागदपत्रे मी जवळून पाहिली आहेत आणि या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे.

अमेरिकेत हा परवाना बहुतेक राज्यांत विमा खाते देते. त्यासाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि पूर्वचरित्राची तपासणी असते, आणि एजंटामागे सहसा विमा कंपनीची हमी उभी असते. एजंट साधारणपणे जामिनाच्या रकमेच्या 10 टक्के शुल्क घेतो आणि आरोपी पुढे निर्दोष सुटला तरी ते परत मिळत नाही. तिथेही हे सर्वांना मान्य नाही: केंटकी राज्याने 1976 मध्येच या धंद्यावर बंदी घातली आणि इलिनॉयने 2023 मध्ये रोख जामिनाची पद्धतच मोडीत काढली.

आपल्याकडे जामीनदार हा आरोपीला ओळखणारा, त्याला तारखेला हजर ठेवण्याची जबाबदारी घेणारा माणूस असावा, अशी कायद्याची कल्पना आहे. आरोपी फरार झाला तर जामीनदाराकडून रक्कम वसूल होते आणि ती न भरल्यास त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कारागृहात ठेवता येते. हे नुकसान आरोपीने भरून द्यावे, असा करार केला तर तो भारतीय करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणून रद्दबातल ठरतो. त्यामुळे पैसे घेऊन जामीन राहण्याला इथे परवाना तर नाहीच, कायद्याचा आधारही नाही. आपण किती जणांना जामीन राहिलो आहोत हे जामीनदाराने लिहून द्यावे लागते, तेही धंदेवाईक आणि बोगस जामीनदारांना आळा बसावा म्हणूनच.

अडचण मात्र खरी आहे. पूर्व भागात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या यंत्रमाग कामगाराला 15 हजारांचा जामीन मंजूर झाला, तरी त्याचा भाऊ तेलंगणात, मालक हात वर करणारा आणि मोहोळ तालुक्यातील पाहुण्याच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावे व इतर हक्कांत सोसायटीचा बोजा, अशी अवस्था असते. ऐपतीचा दाखला काढायचा तर तहसील कार्यालयाचे हेलपाटे वेगळेच. जामीन मंजूर असूनही माणूस आत राहतो तो असा, आणि हीच वेळ साधून पैसे घेऊन जामीनदार मिळवून देणारा दलाल त्याला गाठतो.

पण यावर तोडगा कायद्यात आहे. जामीनपात्र गुन्ह्यात अटक झाल्यापासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी निर्धन असल्याचे गृहीत धरून त्याला केवळ स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 478 सांगते. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही म्हणून अडवू नये, हे तर सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणात 1978 मध्येच बजावले आहे, आणि तेही एका गवंड्याच्या खटल्यात. जामीन मिळूनही महिनाभरात पूर्तता झाली नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश जानेवारी 2023 मध्ये आले. केंद्राच्या गरीब कैदी साहाय्य योजनेतून कच्च्या कैद्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत जामिनाची रक्कम न्यायालयात भरता येते. गंभीर स्वरूपाचे काही कायदे त्यातून वगळलेले आहेत, एवढेच.

या सवलती कारागृहातील किती कैद्यांच्या घरच्यांना माहीत आहेत, याबद्दल मला शंका आहे. वकील मंडळीही घाईत रोख जामिनाचाच अर्ज करतात, कारण तो लवकर निकाली निघतो. त्यांना दोष देता येत नाही, पण ती रक्कम उभी करायला बायकोचे मंगळसूत्र गहाण पडते.

तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने या तरतुदींचा फलक न्यायालयाच्या आवारात आणि कारागृहाच्या भेट कक्षाबाहेर मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चारही भाषांत लावावा, आणि जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत न सुटलेल्या कैद्यांची संख्या दरमहा जाहीर करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सोलापूर