पिक अप म्हणजे नुसतं उचलणे नव्हे

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

माझी भाची मराठी माध्यमात नववीला आहे. परवा तिची इंग्रजीची वही बघत होते, त्यात पानभर फ्रेजल व्हर्ब, म्हणजे अप, ऑफ असा छोटा शब्द जोडून होणारी इंग्रजी क्रियापदं, ओळीने लिहिलेली आणि प्रत्येकापुढे एकच मराठी शब्द. पिक अप म्हणजे उचलणे. खाली अर्थ लिहायला वाक्य होतं, 'द विंड पिक्ड अप', तर पोरीने लिहिलं 'वाऱ्याने उचलले'. त्यावर लाल फुली, पण बरोबर काय ते कुठेच नाही. मला म्हणाली, मावशी पाठ केलंय तेच लिहिलं ना, मग चुकलं कुठे? खूप वाईट वाटलं हो, कारण चूक तिची नाहीच.

आता उचलणे हा शब्दही काही वाईट नाही, उलट बराच उपयोगी आहे. आपण पेन उचलतो, फोन उचलतो, पोलीस एखाद्याला उचलतात, लहान मूल शेजारच्यांची भाषा पटकन उचलतं, या सगळ्याला इंग्रजीत पिक अप चालतं. पण स्टेशनवरून कुणाला घेऊन यायचं, येता येता दूध आणायचं, काल अर्धवट राहिलेली गोष्ट तिथूनच पुढे सुरू करायची, तिथेही पिक अपच आणि तिथे उचलणे लावलं की वाक्य बिघडतं. राहिला वारा. मी तिला विचारलं, गाडीला पिकअप नाही असं बाबा गॅरेजवाल्याला सांगतात ते कशाबद्दल? लगेच म्हणाली, म्हणजे वाऱ्याने जोर धरला! धंदा पिक अप होतो म्हणजे काय तेही मग तिनेच सांगितलं. पाच मिनिटं लागली फक्त.

आपल्या लागणेचंच बघा ना, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, घाटात गाडी लागते, याचा एका शब्दात अर्थ कुणी आपल्याकडून पाठ करून घेतला का? वाक्यं कानावर पडली म्हणून आलं. मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे नववीतल्या मुलांचं हे नववं वर्ष, आणि तरी आपण त्यांना याद्याच देतोय.

शिक्षकांना हात जोडून विनंती आहे, कमी शब्द द्या पण वाक्यांसकट द्या. आणि पेपरमध्ये आठवड्याला असं एकच क्रियापद चार-पाच वाक्यांसकट छापता आलं तर बघा, भाचीच्या वहीत कात्रण चिकटवायचं काम माझं.

आपली,
एक मावशी, सातारा