आईच्या हाताचं माप घेणाऱ्या काचवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

काच बसवून तुम्ही निघालात तेव्हा धड बोलणंही झालं नाही. खाली तुमचा टेम्पो अडकला होता, वॉचमन गाडी काढा म्हणून ओरडत होता आणि मला तर शब्दच फुटत नव्हता. तेव्हा राहिलेलं आज इथे लिहिते आहे, सगळ्यांसमोर. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण भोसरीतल्या तुमच्या शेडपर्यंत हे कुणीतरी पोचवेलच.

आईचे डोळे तुम्हाला माहीत आहेत. मॅक्युलाच्या आजारात मधली नजर जाते. कडेकडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं नेमकं तेच पुसलं जातं. या बाईनं उभा जन्म चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत दारात चैत्रांगण काढलं. पाळण्यातली गौर, चंद्र-सूर्य, शंख, चक्र, गोपद्म, तुळशीवृंदावन, हत्ती, कासव, नाग, फणी-करंडा, सगळं चिमटीतून झरझर उतरायचं. आता गुडघे वाकत नाहीत, फ्लॅटला अंगण नाही आणि काढलेली रेघ दिसत नाही. म्हणून माझ्या मनात होतं की दार आणि हॉल यांच्या मधल्या पार्टिशनच्या काचेवर तिचं चैत्रांगण कोरून घ्यावं. खोल कोरून. डोळ्यांना नाही तर नाही, बोटांना तरी लागावं.

तुमच्याआधी आम्ही कुणाकुणाकडे गेलो ते सांगायलाच हवं. एका मोठ्या शोरूममध्ये आमच्यासमोर कॅटलॉग टाकला. मोर, बांबू, राधाकृष्ण, यातलं निवडा. आईचं चित्र द्यायचं म्हटल्यावर उत्तर आलं की कॉम्प्युटरवर सरळ करून घ्यावं लागेल, हातानं काढलेलं फिनिशिंगला बरं दिसत नाही. ही माणसं निदान खोटं तरी बोलली नाहीत. दुसऱ्यानं सँडब्लास्टिंगचे, म्हणजे बारीक कणांचा जोराचा फवारा मारून काच कोरण्याचे, पैसे घेतले आणि साध्या काचेवर धुरकट फिल्म चिकटवून दिली. आईनं हात लावला आणि म्हणाली, "अगं, हे तर गुळगुळीत आहे." पहिल्याच पावसाळ्यात फिल्मचे कोपरे सुटले, आत बुडबुडे आले. फोन केला तर म्हणतो कसा, "दिसायला तर तेच दिसतं ना, मॅडम?" जिला दिसत नाही तिच्यासाठी केलेल्या कामाबद्दल हे उत्तर! तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

मग तुम्ही आलात. माप घ्यायला माणूस न पाठवता स्वतः आलात. चौकटीची लांबी-रुंदी घेतलीत, ओळंबा लावून बघितलात. काच एकदा टफन झाली, म्हणजे तापवून मजबूत केली, की तिला कापताही येत नाही आणि भोकही पाडता येत नाही, त्यामुळे माप आत्ताच चोख हवं, हे मला समजावून सांगितलंत. इथवर कुठलाही चांगला कारागीर करतो. पुढे तुम्ही जे केलंत ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

टेप खिशात टाकलात आणि आईला म्हणालात, "आजी, जरा इथं उभ्या राहा. रोज चालता तशाच या आणि हात कुठं टेकवता ते दाखवा." आई आली, तिनं नेहमीसारखा हात पुढे केला. तिचा तळवा जिथे आला तिथे तुम्ही कानावरची पेन्सिल काढून चौकटीवर बारीक खूण केलीत. मग म्हणालात, "हात न उचलता बोटं किती वर जातात?" तिथे दुसरी खूण. "खाली?" तिथे तिसरी. "गौर आणि पाळणा या पट्ट्यात घेऊ, बाकीचं वर-खाली. नाहीतर गौरीला हात लावायला आजींना टाचा उंच कराव्या लागतील." एवढं बोलून तुम्ही चहाचा कप उचललात.

आजवर आलेल्या प्रत्येकानं भिंतीचं माप घेतलं होतं. आईच्या हाताचं माप घेणारे तुम्ही पहिले. दवाखान्यात, बँकेत, सोसायटीच्या ऑफिसात आईबद्दलचे प्रश्न मला विचारतात. ती शेजारी उभी असते तरी मला विचारतात. तुम्ही तिला विचारलंत आणि ती सांगेपर्यंत थांबलात.

नंतर स्टेन्सिलचा, म्हणजे नक्षी कापून काचेवर चिकटवायच्या पट्टीचा, रोल आणून आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलात आणि आईच्या हातात जाड मार्कर दिलात. ती आठवणीनं काढत गेली. रेघा कुठे दुहेरी झाल्या, हत्तीची सोंड थोडी नागाला लागली. पाळण्याच्या दोऱ्या काढताना हात फारच थरथरला, तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "एवढं तुम्ही सरळ करून घ्या हो." तुम्ही म्हणालात, "दोरीचा पाळणा आहे आजी, कुणी झोका दिला की हलणारच." आणि खरोखर एकही रेघ सरळ केली नाहीत. स्टेन्सिल ब्लेडनं हातानं कापलंत, तिच्या रेघेवरून.

आणि स्वस्तिक! ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कोरलेली बाजू सहसा मागे ठेवतात, म्हणजे पुढून काच सपाट राहते, पुसायला सोपी जाते आणि खोल कोरलेलं समोरून उठावाचं दिसतं. आईच्या बोटांसाठी कोरीव बाजू घराच्या आत हवी होती. तुम्ही आपण होऊन म्हणालात, "मग दाराकडून येणाऱ्याला स्वस्तिक उलटं दिसेल. शंखही उलटा. आजींना चालणार असेल तरच करतो." आईनं क्षणभर विचार केला. "गौर घरात बसते. तिला सुलटं दिसलं म्हणजे झालं." तुम्ही कान पकडून हसलात आणि कामाला लागलात. काम उरकायचं म्हणणाऱ्यानं हा प्रश्न काढलाच नसता, आणि काच लागल्यावर पहिल्याच पाहुणीनं तो काढला असता.

मी नोकरीच्या ठिकाणी सुरक्षेचं काम बघते, त्यामुळे तुमच्या शेडमध्ये आले तेव्हा माझी नजर काचेआधी दुसरीकडे गेली. साध्या वाळूनं ब्लास्टिंग केलं की सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते. त्या सिलिकोसिसवर औषध नाही. ब्रिटननं कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव धातूच्या वस्तूंच्या, ब्लास्टिंगमधून वाळू 1949 मध्येच हद्दपार केली. आपल्याकडे मात्र तोंडाला नुसता रुमाल बांधून वाळूच्या फवाऱ्यासमोर उभी असलेली पोरं मी पाहिलेली आहेत. तुमच्याकडे वाळूऐवजी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड होतं, बंद केबिन होती, धूळ ओढणारा पंखा चालू होता. तुमचा पोरगा मास्क न घालता आत चालला, तर तुम्ही कॉम्प्रेसर बंद केलात आणि त्यानं पट्टे आवळेपर्यंत चालू केला नाहीत. तो तक्रार करत होता, तरीही. आईच्या हाताचं माप घेणारा माणूस हाच, हे मला तिथे कळलं. माणसाची सज्जनता अशी कामाच्या जागी दिसते, कुणी बघत नसताना आणि वेळ वाया जात असताना. रिक्षा पुढे घेऊन म्हातारीला फुटपाथला लागून उतरवणारा रिक्षावाला, औषधाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात सकाळ-संध्याकाळ लिहून देणारा केमिस्ट, अशी माणसं आहेत. त्यांच्या भरवशावर आमच्यासारख्यांची घरं चालतात, आणि त्यांना कुणी पत्र लिहीत नाही.

आता इकडची खबर. आई सकाळी चहाआधी काचेशी जाते. गौरीपासून सुरू करते, पाळण्याच्या दोऱ्यांवरून बोट वर नेते, मग कासव. नातीला शेजारी उभी करून तिचा हात आपल्या हाताखाली धरते आणि कुठलं चिन्ह कशाचं ते सांगते. हत्तीच्या सोंडेपाशी दोघी हसतात. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी काच मऊ फडक्यानं आणि साबणाच्या पाण्यानं पुसते. कोटिंग केल्यामुळे बोटांचे तेलकट डाग राहत नाहीत. गौरीच्या पट्ट्यात मात्र फडकं आईच फिरवते, मला हात लावू देत नाही.

हातानं कापायचे वेगळे पैसे तुम्ही बिलात लावले नाहीत. मी विचारलं तर विषय बदललात. ते मला मान्य नाही, भेटल्यावर बोलू.

चैत्रात आईचं हळदीकुंकू आहे. वहिनींना घेऊन यायचंच, मुलींनाही. आंब्याची डाळ आणि पन्हं आई स्वतः करणार आहे, कैरी किसायला मी आहे. त्या मास्कवाल्या पोरालाही आणा. आईनं त्याच्यासाठी वेगळे लाडू करायचं ठरवलंय, तुम्ही त्याला रागावलात हे मी तिला सांगितल्यापासून.

तुमची,
चैत्रांगणवाल्या आजींची मुलगी