मुलांसाठी पुस्तक घेण्याआधी ते कोणीतरी वाचलेले असावे

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य,
यांसी स. न. वि. वि.

शाळांसाठी आणि गावोगावच्या ग्रंथालयांच्या बालविभागासाठी सार्वजनिक पैशातून पुस्तके घेतली जातात. त्यातले प्रत्येक पुस्तक आधी कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असावे, वाचणाऱ्याने त्याविषयी स्वतःच्या नावाने लिहिलेले असावे आणि ते लिहिलेले कोणत्याही पालकाला पाहता यावे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या ग्रंथालयात मुलांचा विभाग सांभाळते आणि बरीच वर्षे मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे लिहिते. ग्रंथालये कला व संस्कृती खात्याकडे येतात हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र आपल्याला लिहिते, कारण आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले पुस्तक शाळेतच हातात घेतलेले असते. ते पुस्तक वाईट निघाले तर दुसरे हातात घ्यायला ती सहसा येत नाहीत.

मी पाहिलेल्या खरेदीच्या याद्यांत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि सूट एवढे रकाने असतात. चित्रकाराचे नाव नसते, अनुवादकाचे नसते. पुस्तक कोणत्या वयाला चालेल हे असले तर प्रकाशकानेच लिहिलेले असते. पुस्तक कसे आहे हे सांगणारा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. लहान प्राथमिक शाळेच्या वाट्याला ५,००० येतात. दीडशे रुपयांचे एक पुस्तक धरले तर वर्षाची तेहेतीस पुस्तके झाली. आपल्या सरकारी मराठी शाळांचा पट घसरत चालला आहे. जी मुले तिथे टिकून आहेत, त्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट असण्याचा संभव कमी. तेहेतीसपैकी दहा पुस्तके कोणी उघडणारच नसेल तर त्या मुलांच्या वर्षाचा तिसरा हिस्सा गेला.

आता एक उदाहरण सांगते, कारण या विषयाची खरी निकड मला त्यातूनच कळली. आमच्याकडे पावसाळ्यात घरात साप निघणे नवे नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप गोव्यात आहेत. आमच्या ग्रंथालयात आलेल्या एका सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सर्पदंशावरचे उपाय दिले होते: जखमेवर ब्लेडने चीर द्यावी, रक्त चोखून थुंकावे, वरच्या बाजूला दोरी करकचून बांधावी. यातले काहीही करू नये असे डॉक्टर आज सांगतात. चीर दिल्याने रक्तस्राव वाढतो, आवळलेल्या दोरीने हातपाय निकामी होऊ शकतो. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, माणसाला धीर द्यायचा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात ताबडतोब न्यायचे, एवढेच करायचे असते. पुस्तकाचा कागद चकचकीत होता, चित्रे रंगीत होती, किंमत परवडणारी होती. यादीतल्या प्रत्येक रकान्यात ते उत्तीर्ण झाले होते. पाचवीतल्या मुलाने ते वाचले असते आणि घरात तशी वेळ आली असती, तर आजीचे ऐकायचे की पुस्तकाचे, या प्रश्नात त्याने पुस्तकाची बाजू घेतली असती. मुले छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवतात. तो विश्वास आपणच शाळेत त्यांना शिकवतो.

माहितीच्या पुस्तकांत अशा चुका खूप असतात. साप दूध पितो, पुंगीच्या सुरावर डोलतो, हे अजून छापले जाते. डॉल्फिनला माशांच्या पानावर बसवतात. पणजीच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन पाहणाऱ्या मुलांना आपण तो सस्तन प्राणी आहे हे सांगायचे की पुस्तकातले पान दाखवायचे? याच गोव्याच्या सत्तरीतल्या आंबेडे गावच्या महादेवशास्त्री जोशींनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड संपादित केले आणि मुलांसाठी वेगळा संस्कृतिकोशही केला. मुलांसाठी म्हणून हात सैल सोडायचा नसतो, हे आपल्याच माणसाने दाखवून दिलेले आहे.

आपल्याकडे पुस्तकावर लिहिले जात नाही असे नाही. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत परिचय येतात. पण त्यात गोष्टीचे कथानक सांगून झाले की शेवटी ‘मुलांना नक्की आवडेल’ एवढे वाक्य येते. किती वर्षांच्या मुलांना, कोणत्या मुलांना, आणि लिहिणाऱ्याने ते एकाही मुलाला वाचून दाखवले का, हे कळत नाही. पुष्कळदा परिचय लिहिणारा लेखकाचा स्नेही असतो. मैत्रीत गैर काही नाही, परंतु त्या भरवशावर शाळेचे पैसे खर्च करता येत नाहीत.

मुलांच्या पुस्तकाचे परीक्षण हे वेगळे काम आहे, आणि मेहनतीचे. पहिली-दुसरीसाठीचे पुस्तक असेल तर मी ते आधी मोठ्याने वाचते. जिथे माझा श्वास अडतो तिथे नुकते वाचू लागलेले मूल नक्की अडखळते. एका ओळीत किती जोडाक्षरे आहेत, टाइप किती मोठा आहे, चित्राच्या गडद रंगावर काळी अक्षरे छापली आहेत का, हे पाहावे लागते. चित्र मजकुरात नसलेले काही सांगते की मजकुराचीच पुनरुक्ती करते, हेही. चांगल्या चित्रपुस्तकात न वाचता येणारे मूलसुद्धा गोष्ट पकडते, आणि एखाद्या कोपऱ्यातल्या मांजरीवरून वर्गभर बोलणे होते. पुस्तक पिनांवर बांधले असेल तर शाळेत ते दोन महिने टिकेल, शिवलेले असेल तर काही वर्षे. ग्रंथपालाला हे कळायला हवे. मोठ्या कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती असेल तर काय कापले हे सांगायला हवे, कारण पुष्कळदा विनोद आणि वर्णन दोन्ही कापून घटनांचा सांगाडा उरतो. आणि गोष्टीतली आई फक्त डबा भरते का, घरकाम करणाऱ्या बाईला नाव आहे का, सावळ्या रंगाचे माणूस गोष्टीत कोण होते, हे वाचणाऱ्याने पाहिलेच पाहिजे. मुले ते पाहतात आणि आपल्याला सांगत नाहीत.

गोव्यासाठी हे काम गोव्यातच व्हायला हवे, असे मी आग्रहाने म्हणते. आमच्याकडची बरीच मुले घरात कोंकणी बोलतात, शाळेत मराठी वाचतात आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजी ऐकतात. पुण्यातल्या परीक्षकाने ‘भाषा सोपी’ म्हटलेले पुस्तक आमच्या तिसरीच्या मुलाला सोपे असेलच असे नाही. आणि त्याने ‘कठीण’ म्हटलेल्या पुस्तकातला समुद्र, माड, जत्रा, होडी आमच्या मुलाला तोंडपाठ असते. परीक्षणाचे आणखी एक काम असते, ते म्हणजे काय लिहिलेच गेलेले नाही ते सांगणे. २०१२ मध्ये आमच्या भागातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले, घरातले बोलणे बदलले. त्या वेळी दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुलांनी जे पाहिले त्यावरची एकही मराठी किशोर कादंबरी माझ्या कपाटात नाही. गावडा, कुणबी, वेळीप, धनगर या समाजांतल्या मुलांच्या घरातून सुरू होणारी गोष्ट मला अजूनही शोधावी लागते. नेमाने परीक्षणे होऊ लागली की ही पोकळी वर्षानुवर्षे कागदावर दिसत राहील, आणि कोणीतरी लेखक किंवा प्रकाशक ती भरायला बसेल.

सर्वांत मोठी अडचण तेरा ते सतरा वयाची आहे. ही मुले ग्रंथालयात येतात, बालविभागात उभी राहायला लाजतात आणि मोठ्यांच्या कपाटाकडे बघतात. त्यांच्यासाठी म्हणून आपण काय ठेवतो? थोरांची चरित्रे, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके. त्या मुलांच्या मनात मात्र त्या वेळी मैत्री तुटण्याचे, नापास होण्याचे, शरीर बदलण्याचे, घरातल्या दारूचे, मोबाइलवर कोणीतरी पाठवलेल्या फोटोचे विषय असतात. असे विषय हाताळणारी पुस्तके मराठीत, अनुवादातही, येतात. पण ग्रंथपाल ती मागवायला घाबरतो, कारण आत काय आहे ते त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि एका पालकाची तक्रार आली की त्याच्या पाठीशी कागद नसतो. परीक्षकाने इथे स्पष्ट लिहावे: या कादंबरीत एका मुलाची आत्महत्या आहे, ती अशा तऱ्हेने आली आहे, शेवटी मदत कुठे मागायची हे कळते किंवा कळत नाही. किंवा असे: या गोष्टीत मुलगा नकार मिळूनही मुलीच्या मागे फिरतो आणि लेखक त्यालाच प्रेम म्हणतो. मग ते पुस्तक घ्यायचे की नाही, कोणासोबत बसून वाचायचे, हे शिक्षिका ठरवील. अंधारात ठरवण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

मुलांचेही म्हणणे त्यात असावे. मात्र याचा शाळेतला प्रकल्प करू नये, स्पर्धा तर मुळीच नको. गुण मिळणार म्हटल्यावर प्रत्येक वही एकच सांगते, की या पुस्तकातून मला मोठ्यांचा आदर करण्याचा बोध मिळाला. आम्ही ग्रंथालयात मुलांना तीनच गोष्टी विचारतो: कुठपर्यंत वाचलेस, कुठे थांबलास, कोणाला वाचून दाखवावेसे वाटले. ‘भूत येणार म्हणून वाट बघत राहिलो, आले नाही, म्हणून बंद केले’ असे एका मुलाने सांगितले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भूत होते. मोठ्या परीक्षकाला पान भरून लिहिता आले नसते ते त्याने एका वाक्यात सांगितले.

जगात हे काम जुने आहे. बॉस्टनमधल्या मुलांच्या पुस्तकांच्या एका दुकानातून १९२४ मध्ये हॉर्न बुक मॅगझिन निघाले, ते आजही मुलांच्याच पुस्तकांवर लिहिते. दिल्लीचे द बुक रिव्ह्यू १९७६ पासून निघते आणि नोव्हेंबरचा अंक बालसाहित्याला देते. २०२० मध्ये पराग ऑनर लिस्ट ही मुलांच्या निवडक पुस्तकांची यादी सुरू झाली, ती हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांसाठी. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते, मराठीला आणि कोंकणीलाही. पण पुरस्कार वर्षात एका पुस्तकाविषयी बोलतो. यादीतल्या बाकीच्या शंभरांविषयी कोण बोलणार?

हे गोव्यात उभे करायला नवी इमारत लागत नाही. १८३२ मध्ये सुरू झालेल्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला पणजीत पाटोवर प्रशस्त जागा आहे. प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकाची एक प्रत तिथे पाठवावी. ती एका शिक्षिकेने किंवा शिक्षकाने आणि एका ग्रंथपालाने वाचावी, मुलांच्या एका गटासमोर वाचून पाहावी, आणि तीनशे शब्दांत लिहावे. त्यांना मानधन मिळावे, कारण फुकटात करून घेतलेले काम दुसऱ्या वर्षी बंद पडते. लेखकाशी किंवा प्रकाशकाशी संबंध असेल तर त्यांनी ते पुस्तक परीक्षणासाठी घेऊ नये. मराठी आणि कोंकणी दोन्हींची पुस्तके यात यावीत. मुलांच्या कपाटात या दोन भाषा शेजारी बसलेल्या असतात आणि त्यांच्यात भांडण नसते.

यावर दोन आक्षेप येतील. एक, वेळ जाईल आणि मार्चअखेर निधी परत जाईल. परीक्षणे वर्षभर चालू राहिली तर मार्चमध्ये धावपळ करायची गरजच पडणार नाही. उलट घाईत हाती लागेल ते उचलण्याची सवय मोडेल. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो: उद्या याचाच परवाना होईल, कोणीतरी नको असलेली पुस्तके अडवील. ही भीती रास्त आहे, म्हणून नियमातच लिहून ठेवावे की परीक्षण म्हणजे मंजुरी नव्हे. परीक्षण प्रतिकूल असले तरी मुख्याध्यापकाला किंवा ग्रंथपालाला ते पुस्तक घेता आले पाहिजे. त्याने फक्त आपले कारण दोन ओळींत नोंदवावे. परीक्षकाचे मत न पटणे हा वाचणाऱ्याचा हक्क आहे. न वाचता घेणे हा कोणाचाच हक्क नाही.

सुरुवात लहान करा. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या खरेदीतली फक्त माहितीची पुस्तके आणि तेरा ते सतरा वयोगटाची पुस्तके आधी अशी वाचून घ्या. चूक सर्वांत महाग पडते ती याच दोन ठिकाणी. डिचोली आणि सत्तरी या दोन तालुक्यांतली वाचणारी माणसे जमवून द्यायला मी तयार आहे, मुलांचा गटही आमच्याकडे आहे. प्रती कधी मिळतील ते कळवावे.

आपली,
गावच्या ग्रंथालयातील बालविभागाची एक कार्यकर्ती,
डिचोली, गोवा